आवाजाच्या रकान्यातली खूण

कारखान्यात मला सगळे ‘कानसेन’ म्हणत. आधी ते कौतुकाचं होतं. आमच्याकडे घरात लावायचे धुराचे भोंगे बनतात. छताला बसवायची बशीएवढी पांढरी डबी. घरात धूर झाला की तिच्यावरचा तांबडा दिवा लागतो आणि आतला भोंगा कोकलतो. तपासणीच्या खोलीत मी सव्वीस वर्षं एकटा बसलो. प्रत्येक खेपेतले दहा नग उचलायचे, एकेक काचेच्या कपाटात ठेवायचा, नळीने धूर सोडायचा आणि कागदावर दोन खुणा करायच्या, एक दिव्याच्या रकान्यात, एक आवाजाच्या. एके काळी नुसतं ऐकून मी सांगायचो की या नगाचा पडदा सैल आहे. उघडून बघावं तर खरंच सैल असायचा.

पण सव्वीस वर्षं कानाशी असं कोकलून घेतल्यावर कान काय टिकणार? बोळे घालावेत, तर तपासायचं कशाने? आधी बारीक, उंच आवाज गेले. माणसांचं बोलणं येतं, पण अर्धंमुर्धं. भोंगा तर पुरता बंद झाला. त्याला पाच वर्षं झाली आणि मी कुणालाही सांगितलं नाही. गवयाने गळा गेल्याचं कोणत्या तोंडाने सांगावं?

शिवाय अडत काहीच नव्हतं. दिवा आणि भोंगा एकाच तारेवर होते. दिवा लागला म्हणजे भोंगा वाजणारच, हे आमच्या खात्यातला कुणीही झोपेत सांगेल. मी दिवा बघायचो आणि दोन्ही रकान्यांत खुणा करून मोकळा व्हायचो.

सहा महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या हुशार मंडळींनी स्वस्तातला नवा भोंगा आणला आणि त्याला वेगळी तार दिली. तसा कागदही माझ्याकडे आला होता. मी तो वाचला, त्यावर सही केली आणि फायलीत लावला. माझ्या डोक्यात शिरलंच नाही, कारण एव्हाना मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी ऐकून तपासतो.

त्या मंगळवारी पॅकिंगमधली बाई सही घ्यायला खोलीत आली. चाळिशीची, फटकळ, पण मनाने साधी. कपाटात नग होता, धूर सोडलेला होता. तिने आधीच दोन्ही कानांवर हात ठेवले होते. दिवा लागला. मी दोन्ही खुणा केल्या. तिने हात काढले, काचेजवळ वाकली आणि माझ्याकडे बघितलं.

“काका, हा वाजलाच नाही की.”

मी हसलो. म्हणालो, “तुझेच कान गेले असतील.”

“माझे? अहो, हा ठार मुका आहे!”

तिला थांबवून घेतलं आणि दहाच्या दहा नग पुन्हा लावले. दिवे दहा लागले. ती बोटाने सांगत गेली, वाजला, वाजला, नाही. दोन मुके निघाले. तिला कारण सांगावं लागलंच नाही. खोलीतून जाताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं.

फायली काढल्या. नव्या तारेचे चाळीस हजार नग लोकांच्या घरी गेले होते. प्रत्येक खेपेच्या कागदावर आवाजाच्या रकान्यात माझी खूण होती, एकसारखी, ठसठशीत.

मी व्यवस्थापकाकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाचा माणूस. त्याला सगळं सांगितलं, कानांचंसुद्धा. त्याने पाणी पुढे केलं आणि लगेच माझ्याशी मोठ्याने, सावकाश बोलायला लागला. ते फार लागलं.

“तक्रारी किती आल्यात?” त्याने विचारलं.

“एकही नाही.”

“मग?”

“साहेब, न वाजलेल्या भोंग्याची तक्रार कोण करणार? ज्याला कळेल तो तक्रार करायला राहील का?”

त्याने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, “उद्यापासून जुनी तार. ते मी आत्ताच सांगतो. पण गेलेला माल परत बोलवायचा तर कारखाना दोन महिने बंद पडेल. तीनशे माणसं घरी बसतील. त्याला तपासनिसाचा लेखी कागद लागतो. तुम्ही दिला नाहीत, तर मी मागणार नाही. चार महिन्यांनी निवृत्त होताय, कानसेन. सह्या तुमच्या आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा तो मागून आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, “मुलीकडे आपला भोंगा असेल, तर तो तेवढा आजच काढायला सांगा.”

हे त्याने अगदी मनापासून सांगितलं. म्हणजे धोका खरा आहे हे त्यालाही कळत होतं. फक्त आपल्या माणसांपुरता.

संध्याकाळी मुलीला फोन लावला. भोंगा मीच तिला दिला होता, नव्या तारेचा. “तो काढून टाक,” म्हणालो. तिने काहीतरी विचारलं, मग आणखी काहीतरी विचारलं. मी नेहमीसारखं “हो, हो” म्हटलं. तिकडून फोन ठेवला गेला. घरात मी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे, कारण ती मधे आली की माणूस उठून गेल्यासारखं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी बायको न्हाणीघरात पडली होती. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. ती अर्धा तास मला हाका मारत होती. पाणी प्यायला उठलो म्हणून दिसली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तीच पटकन म्हणाली, “हे बाहेर गेले होते.” मी तिचं खोटं तसंच राहू दिलं. ती पुढे दुसऱ्याच आजाराने गेली, पण त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते. तिच्या जागी आता चाळीस हजार घरं होती.

मी लिहिलं: ‘आवाजाच्या रकान्यातल्या खुणा मी न ऐकता केल्या आहेत. पाच वर्षं मला भोंगा ऐकू येत नाही. नव्या तारेच्या दहा नगांत दोन मुके निघाले. गेलेला सगळा माल परत बोलवावा.’ एक प्रत व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी सरकारी तपासणी कार्यालयात स्वतः देऊन आलो, कारण मला आमची मंडळी माहीत आहेत.

आठवड्यात पेपरात भोंगे परत करण्याची सूचना आली. कारखान्याला कुलूप लागलं, मला काढून टाकलं. कुलूप लागण्याआधीच्या शेवटच्या दिवशी मी डबा घेऊन नेहमीच्या टेबलाशी बसलो, तर एकेक जण आपापला डबा उचलून उठला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण डबा मी तसाच परत आणला.

तीन आठवड्यांनी बाजारात पॅकिंगमधली बाई दिसली. रस्त्याच्या पलीकडून ती काहीतरी बोलली. मी मान डोलावली. ती तरातरा रस्ता ओलांडून आली.

“मान काय डोलवताय? ऐकू तरी आलं का?”

“नाही,” मी म्हणालो. ऐकू आलं का असं विचारल्यावर नाही म्हणायला मला पाच वर्षं लागली होती. “पुन्हा सांग.”

तिने आवाज चढवला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. “म्हटलं, आमच्या पोटावर पाय देऊन झोप लागते का तुम्हाला?”

“नाही लागत.”

तिने माझ्या पिशवीत बघितलं. एक पाव, दोन अंडी, एक कांदा. तिचा राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला, आणि मग मला ऐकू येत नाही हे आठवून तिने तो पुन्हा चढवला.

“एकटेच राहता ना?”

“हो.”

“घरी भोंगा आहे?”

“आहे. जुन्या तारेचा. अगदी चांगला आहे.”

“आणि तो वाजला तर ऐकणार कोण?”

शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू आला. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

“कुणी नाही,” मी म्हणालो.