दाराखालचं ओलं फडकं

नव्या कायद्याने आम्हा रंगाऱ्यांना रंग-रसायनांच्या वाफांपासून बचावाचं चार दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. शेवटी परीक्षा, पास झाला तर प्रमाणपत्र, आणि ते नसेल तर पुढच्या महिन्यापासून काम बंद. मी चारही दिवस बसलो. दादा पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, शिकवणाऱ्या बाईंकडे बोट दाखवत, उठून गेला. "तीस वर्षं ब्रश धरतोय, आता या बाई मला श्वास घ्यायला शिकवणार!"

प्रशिक्षण संपल्यानंतरच्या सोमवारी तळघरातल्या एका खोलीत आमचं काम होतं. एक लोखंडी कपाट सकाळीच रंगवून झालं होतं, ओलंच होतं. दुसऱ्याचा जुना रंग उतरवायचा होता. दादाने एकुलती खिडकी लावून घेतली. ओल्या ऑइलपेंटवर धुळीचा एक कण बसला तरी त्याला घास गोड लागत नसे.

रंग उतरवायचं औषध ओतत तो म्हणाला, "जाताना दार लाव आणि बाहेरून खालच्या फटीत ओलं फडकं कोंब. बाहेर सुतार रंधा मारतायत."

"दादा, हे औषध बंद खोलीत वापरायचं नाही, बाईंनी सांगितलंय."

"मग बाईंच्या घरचं कपाट खरबरीत रंगवू. कोंब म्हणतो ना!"

थोरल्याचा शब्द. मी कोंबलं आणि वर पॉलिशपेपर आणायला गेलो.

पंधरा मिनिटांनी परतलो, तर आत पत्रा खरवडल्याचा आवाज नव्हता.

"दादा?"

काहीच नाही. दार थापटलं. काहीच नाही. दार ओढलं तसा उग्र वास अंगावर आला, डोळे चुरचुरले. उंबऱ्याच्या आत दादाचे पाय दिसले. हलत नव्हते.

मला आत झेपच घ्यायची होती. पण बाईंचे शब्द कानात आदळले : पडलेल्याला पाहून आत धावू नका, एकाचे दोन होतात. देवा, सख्खा भाऊ समोर पडलेला आणि मी उंबऱ्याबाहेर! तो एक क्षण मला सोसवेना.

"अहो सुतारकाका, बाहेरून खिडकी फोडा! हवा पाहिजे! गाडी बोलवा!"

काच खळकन फुटली. मी बाहेरच ओणवा होऊन, तोंड वळवून, दादाचे घोटे धरले आणि ओढलं. तो हललाच नाही. पुन्हा ओढलं. देवाचं नाव घेत होतो की नुसता हुंदके देत होतो, ठाऊक नाही. काका येऊन माझ्याबरोबर ओढू लागले तेव्हा तो बाहेर सरकला. ओठ निळे. छाती हलतेय की नाही, कळेना.

दवाखान्यात वहिनी धावत आली. डॉक्टर म्हणाले, "शुद्ध आलीय. पण छातीवर परिणाम किती, ते अजून सांगता येत नाही."

वहिनीने मला विचारलं, "भाऊजी, सुतारकाका सांगत होते, दाराला फडकं होतं. ते कोणी लावलं?"

मास्कमागून दादा पुटपुटला, "मीच सांगितलं त्याला."

"त्याने सांगितलं," मी म्हणालो, "पण मला माहीत होतं, वहिनी. मी शिकून आलो होतो."

ती डोळे पुसून म्हणाली, "हे बरे होऊन घरी आले की यांना त्या वर्गाला तुम्हीच घेऊन जायचं. उठू लागले तर सरळ खाली बसवा. थोरले असतील तर असोत."

दादाने मान हलवली नाही, पण तो नाहीही म्हणाला नाही. मी त्याच्या छातीकडे बघत उभा राहिलो. ती वर गेली की पुन्हा खाली येईपर्यंत माझा श्वास अडकायचा.