ट्रेव्हियनचा यजमान

जानेवारीतल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, मी पेटवेंच्या घरी जेवायला बसलो होतो. अलाबामाच्या या भागात पोरगा संघात हवा असेल तर आधी त्याच्या आईच्या हातचं खावं लागतं. अकरा वर्षं कॉलेजसाठी खेळाडू गोळा करतोय. माझं पोट सुटलंय ते त्यामुळेच.

ट्रेव्हियन पेटवे शाळेच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल आधी त्याच्या हातात येतो. मग तो लांब फेकतो, नाहीतर स्वतःच घेऊन सुटतो आणि त्याला पकडायला आलेले नुसते बघत राहतात. दोन्ही जमणारी अशी पोरं सगळ्यांनाच हवी असतात. आमचे हेड कोच हॅस्केल यांना मात्र त्याचे फक्त पाय हवे होते. "क्वार्टरबॅक म्हणून आण, आला की दुसऱ्याने फेकलेला बॉल झेलायला लावू," असं त्यांनी मला केबिनमध्ये सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावणं हा माझ्या नोकरीचा निम्मा भाग आहे.

त्याची आई, मिस ओडेसा, शाळेची बस चालवते. तिने मला तळलेला मासा वाढला.

"सहा कोच येऊन गेले," ती म्हणाली. "सहाही जणांनी मासा हाणला आणि सहाही जण म्हणाले, पोरगा बॉल फेकणार."

"मी सातवा."

"मग खा. मासा संपला तरी माझे प्रश्न संपायचे नाहीत."

पुढच्या शुक्रवारी ट्रेव्हियन दोन दिवस कॉलेज पाहायला येणार होता. अशा पाहुण्याला आम्ही आमच्या एका खेळाडूच्या हवाली करतो, तो त्याचा यजमान. दोघं बरोबर जेवतात, हिंडतात.

"कोणाबरोबर ठेवणार त्याला?" मिस ओडेसाने विचारलं.

"केल्व्हन ब्रॉडनॅक्स. गुणी पोरगा. आईला रोज फोन करतो."

समोर बसलेल्या ट्रेव्हियनने काटाचमचा खाली ठेवला. "केल्व्हन झेलतो, कोच."

यजमान नेहमी त्याच जागेवर खेळणारा देतात. झेलणाऱ्यांच्या यादीत ट्रेव्हियनचं नाव मीच घातलं होतं आणि आता मीच बरळलो होतो.

"यजमान काय, कोणीही चालतो," मी म्हणालो.

"माझा मावसभाऊ पुढच्या फळीत खेळतो, लाइनमन. त्याला यजमान तुम्ही लाइनमनच दिला होतात."

मिस ओडेसाने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं. "तुम्ही स्वतः काय खेळायचात, कोच?"

"शाळेत क्वार्टरबॅक होतो."

"आणि कॉलेजात?"

"झेलायचो."

"चार वर्षांत फेकलात किती वेळा?"

"एकदा. मॅच हातची गेल्यावर."

"वाईट वाटलं?"

"अजून वाटतं." त्या टेबलावर मी खरं बोललो ते एवढंच, आणि बोलल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

ट्रेव्हियन माझ्याकडे बघत होता. रागाने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे कसं वाटतं ते तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

मी खुर्ची मागे सारून उठलो. मिस ओडेसाने मला उरलेला मासा बांधून दिला, कारण तिच्या घरून कोणी रिकाम्या हाताने जात नाही. "शुक्रवारी वाट बघू नका," एवढंच ती म्हणाली. पोरगा गाडीपर्यंत आला, माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि मला 'सर' म्हणाला.

हमरस्त्याला लागतोय तोच हॅस्केल साहेबांचा फोन आला.

"येतोय का?"

"नाही."

"का? काय झालं?"

"आईला पोरगा घराजवळ हवाय," मी म्हणालो, आणि साहेबांना ते लगेच पटलं.