घरी वाचायचा धडा

शनिवारची शाळा सुटली होती. वनमाला मॅडम आवराआवर करत होत्या, तेवढ्यात करिष्मा सासूला घेऊन आली. ऊसतोडीला निघायच्या आधी लेकीला वसतिगृहात ठेवायचं होतं, त्याचा अर्ज हवा होता. धारूरच्या डोंगराकडेला तीस वर्षं विज्ञान शिकवून मॅडम पार थकल्या होत्या; पण जुनी विद्यार्थिनी दिसली की प्रश्न विचारायची खोड काही जात नव्हती. झाड अन्न कसं तयार करतं, त्यांनी विचारलं. दहा वर्षं कोयता चालवणाऱ्या करिष्मानं हरितद्रव्यापासून सगळं धडाधड सांगितलं. मॅडमना फार बरं वाटलं.

अर्ज भरता भरता करिष्मानं सांगितलं, की सोमवारी पिशवी काढायची आहे. पाळी आली की कामाला खाडा पडतो, मुकादम कुरकुरतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेली, तर तिथं कॅन्सरची भीती घातली. तपासणी कसलीच नाही. वय अवघं सव्वीस.

मॅडम चिडल्या. "गर्भपिशवीचं काम काय, ते तरी माहीत आहे का तुला?"

"दोन लेकरं झाल्यावर तिचं काय काम? ऱ्हायली तर सडती म्हणत्यात."

"दहावीला धडा होता तुला."

"व्हता की. तुमी म्हणला, त्यो घरी वाचा." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "आईनं ती पानंच फाडून चुलीत घातली, मॅडम."

मॅडम खाली बसल्या. मुलं खिदळतात, पालक भांडायला येतात, म्हणून दर वर्षी तो धडा असाच जायचा. आपण शिकवलेलं पोरींनी इतकं जपून ठेवलं होतं, आणि जन्मभर लागणारं तेच आपण शिकवलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दोघींना वर्गात नेऊन त्यांनी फळ्यावर आकृती काढली. गर्भाशय, अंडाशयं, साध्या गोळ्यांनी बरा होणारा जंतुसंसर्ग, सगळं समजावलं. अंडाशयंही काढली तर तरुणपणीच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, हेही सांगितलं.

सासू छबुबाई आकृतीकडं बघत होती. "माजी पंचविसाव्या वर्सी काढली," ती म्हणाली. "तवापासून हाडं ठणकत्यात. मला वाटलं, मोळ्या वाहून." मग सुनेकडं वळली. "सोमवारी कुटं जायचं न्हाई. मुकादमाला मी बघते."

करिष्मानं मान डोलावली. मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच छबुबाई उठून फळ्याजवळ गेली.

"मॅडम, यातलं माजं काय काय काढलंय, तेवढं पुसून दाखवा."

मॅडमनी डस्टर उचललं, पण त्यांचा हात चालेना.