एकाच रक्ताचे

काचपट्टी हलवता हलवता बाई थांबल्या. तिच्यावरच्या रक्ताच्या दोन थेंबांपैकी ज्यात गुठळ्या व्हायला नको होत्या त्यातच त्या झाल्या होत्या. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली, मग चष्मा काढून पुन्हा धरली. गट ए. समोर उघड्या पडलेल्या जुन्या नोंदीत मात्र याच माणसाच्या नावापुढे बी लिहिलेलं होतं, आणि तीन वर्षांपूर्वीची ती सही त्यांचीच होती.

रक्तपेढीत त्यांना सगळे मागून 'दोनदाबाई' म्हणायचे. प्रत्येक तपासणी दोनदा, प्रत्येक नाव दोनदा, घरून निघताना कुलूपही दोनदा ओढून बघायचं. त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"अहो बाई, सहा बाटल्या सांगितल्यात वर!" खिडकीतून आवाज आला. "तासाभरात एक दिलीत. तिकडे माझा भाऊ टेबलावर पडलाय."

बोलणारा धाकटा भाऊ होता. धंद्याने रंगारी, नखांत पांढरा रंग, कोपराला निळा. थोरला कारखान्यात मशीनवर. सकाळी न्याहारी करता करता त्याला रक्ताची उलटी झाली, पोटातला जुना अल्सर फुटला होता.

"पिशव्या," बाई म्हणाल्या. "बाटल्या बंद होऊन जमाना झाला. आणि ओरडू नका, मला नीट ऐकू येतं."

"मग द्या ना."

"काय देऊ? तुमच्या भावाचं रक्त आज ए निघतंय. मागच्या खेपेला बी होतं. रक्तगट काही केसांसारखा पिकत नाही वयाप्रमाणे."

त्यांना वाटलं, सकाळच्या धावपळीत नळ्यांची अदलाबदल झाली असणार. त्यांनी ऑपरेशन थिएटरला फोन लावला. पुन्हा रक्त काढा, मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचा, नळीवर तिथेच लिहा, इथे येऊन नको. पलीकडची सिस्टर वैतागली, पण नळी आली. बाईंनी ती तपासली, दोनदा. ए.

आता नळीला दोष देता येईना.

ओ गट कुणालाही चालतो, म्हणून तो अडीअडचणीला राखून ठेवलेला असे. आज त्याच्या दोनच पिशव्या होत्या. पहिली मघाशीच गेली होती, दुसरी आता वॉर्डातले मामा घेऊन गेले. फ्रिजमध्ये ए च्या आठ पिशव्या रांगेने पडून होत्या, पण जुनी आणि नवी नोंद जुळत नसेल तर कारण लिहून सही केल्याशिवाय त्यातली एकही बाहेर काढायची नाही, हा नियम. भिंतीवर तो चिकटवणाऱ्याही बाईच.

म्हणजे आपलीच चूक? घाईगर्दीत वर कुणी आपली सही बघून सरळ बी मागवलं असतं आणि लावलं असतं तर?

मग त्यांची नजर जुन्या नोंदीच्या खालच्या ओळीवर गेली. त्यांनी ती बोट ठेवून वाचली, आणि पुन्हा वाचली. उठून खिडकीशी आल्या.

"तीन वर्षांपूर्वी तुमच्या भावाच्या विम्याच्या कार्डावर बी च्या तीन पिशव्या दिल्यात मी. ए वाल्याला बी चढवलं तर काय होतं माहितीये? शरीर ते परकं समजतं, फोडून टाकतं. किडन्या जातात, माणूसही जातो. हा माणूस नवव्या दिवशी चालत घरी गेलाय."

रंगाऱ्याचा हात आपोआप डाव्या मांडीवर गेला.

"तेव्हा खाटेवर कोण होतं?"

तो मागे वळून बघायला लागला. मागे कुणी नव्हतं, नुसतं बाकडं होतं.

"मी," तो म्हणाला. "परांचीवरून पडलो होतो. मला कुठलं आलंय कार्ड? दादाने स्वतःचं दिलं, कारखान्याचं. म्हणाला, विचारलं तर माझं नाव सांग. आपण काय वेगळे आहोत, एकाच रक्ताचे."

"एकाच रक्ताचे!" बाई भडकल्या. "एक ए, एक बी. तुमचं त्याला चालत नाही, त्याचं तुम्हाला चालत नाही. आज जीव गेला असता त्याचा, तुमच्या त्या एका रक्तापायी!"

"सख्खा भाऊ आहे हो," तो पुटपुटला.

बाईंनी नोंदवही ओढली.

"बाई, तुमची चूक झाली असं लिहा ना," तो घाईघाईने म्हणाला. "लिहिताना झाली म्हणा. चुका काय, होतातच. खरं लिहिलंत तर दादाची नोकरी जाईल. बावीस वर्षं झाली त्याला."

"चूक लिहायला मला लाज नाही वाटत. पण केलेली नसताना लिहिली, तर त्या वर्षी मी तपासलेल्या सगळ्या माणसांचं काय करायचं? त्यांच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवेल?"

आतला फोन वाजला. बाईंनी ऐकून घेतलं, "पाठवते" म्हणाल्या आणि ठेवला.

"दुसरी पिशवी संपत आलीये," त्या म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता.

रंगाऱ्याने खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली.

"लिहा," तो म्हणाला. "मी होतो, लिहा. दादाला मी सांगेन."

बाईंनी लिहिलं. सही केली. ए च्या चार पिशव्यांची पेशंटच्या रक्ताशी जुळवणी लावली, जुळल्या तशा मामांच्या हाती दिल्या. मामा कधी नव्हे ते जिन्याने पळत गेले. पाऊण तासाने वरून निरोप आला, रक्त थांबलंय, पेशंट टिकलाय. रंगारी बाकड्यावर बसला आणि ओंजळीत तोंड धरून रडला.

त्याचं आवरल्यावर बाईंनी त्याला आत बोलावलं. जुनी नोंद दुरुस्त करायची तर त्याचंही रक्त तपासायला हवं होतं. सुई टोचताना त्याने तोंड फिरवलं. नळी भरली. बाईंनी लेबल समोर घेतलं.

"नाव?"

त्याने दादाचं नाव सांगितलं. आडनावासकट, जराही न अडखळता. तीन वर्षांत या इमारतीत जेवढ्या वेळा तो पाय दाखवायला आला होता तेवढ्या वेळा त्याने तेच सांगितलं होतं.

बाईंनी पेन उचलून धरलं.

"आडनाव तेच आहे. नाव सांगा. तुमचं."

त्याने सांगितलं, जेमतेम ऐकू येईल इतकं.

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.

त्याने सांगितलं.