पाळक पाहण्याचा कार्यक्रम

आमचं चर्च रागातून जन्माला आलं. मोठ्या चर्चच्या पाळकांनी कुणाला न विचारता बाजाची पेटी मागच्या भिंतीला हलवली, आणि ती वाजवणारी माझी आत्या तडक उठून घरी आली. तिच्यामागून सहा-सात कुटुंबं आली. काही तत्त्वासाठी, काही त्या पाळकांचं प्रवचन लांबतं म्हणून. आत्या शिवणकाम करायची. तिच्या पुढच्या खोलीत मशीन कोपऱ्यात सरकवलं, कापड बेतायचं टेबल आडवं लावलं आणि उपासना सुरू झाली. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ, धंद्याने सुतार. त्यांनी खोलीतच बसून बाकं केली, आणि ती इतकी ऐसपैस झाली की दारातून बाहेर निघेनात. त्यामुळे चर्चचा पत्ता कायमचा ठरला.

पहिला ठराव आत्यानेच मांडला. इथे एकट्याची मनमानी चालायची नाही. सगळ्यांचे हात वर आले तरच गोष्ट ठरणार. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. त्यानंतर आमच्याकडे काहीही मंजूर झालं नाही.

पाळक हवा, हे सगळ्यांना मान्य होतं. कोणता, इथे घोडं पेंड खायचं. दर रविवारी एक उमेदवार यायचा, प्रवचन करायचा, आत्याकडे जेवायचा आणि नारळासारखा सोललेला परत जायचा. एक जण फार हळू बोलला. एक जण नको इतका जेवला. दुसरा जेमतेम जेवला, म्हणजे गर्विष्ठ. आत्या सगळ्यांत कडक. एकाच्या कोटाचं बटण लोंबत होतं. ज्याला बटण सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं. निघताना बटण मात्र टाचून दिलं. आठवड्याला एक फुकटचं, ताजं प्रवचन, आणि वर नावं ठेवायची सोय! मंडळी वाढत गेली. कोपऱ्यावरचा न्हावी तर प्रार्थना संपताना यायचा आणि नापसंतीची चर्चा संपेपर्यंत हलायचा नाही.

मग आत्या आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, त्यांना आवडेल ते द्या. आम्ही समजायचं ते समजलो, आणि तीही समजली. मला आपल्याच पाळकाने माती द्यावी, एवढं तिने सांगून ठेवलं. त्या पेटी हलवणाऱ्याच्या हातून नको. तिचा पलंग आम्ही आतल्या खोलीच्या दाराशी ओढला. तिथून ती ऐकायची आणि आता प्रत्येकासाठी हात वर करायची. बोबड्यासाठी, विसराळूसाठी, कुणासाठीही. पण मंडळी तिच्याच तालमीत तयार झालेली. घाई करून चालत नाही आत्या, असं न्हावी तिला समजावायचा. मला त्याचा गळा धरावासा वाटायचा.

हळूहळू माणसं विरघळली. न्हाव्याचासुद्धा हात वर आला. आणि अडून बसले ते बाबा, ज्यांनी आजवर एकाही पाळकाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एकाचा आवाज घोगरा म्हणून नको. एकाचे हात मऊ म्हणून नको. एक डावखुरा निघाला, तर म्हणे रंधा उलटा धरेल. पाळकाला रंधा कशाला लागतो, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी घरी त्यांच्याशी भांडलो. बहिणीची शेवटची इच्छा पुरवता येत नाही का तुम्हाला, असंही बोललो. ते भिंतीकडे तोंड करून निजले.

पुढच्या रविवारी आला तो पिकल्या केसांचा एक गृहस्थ. प्रवचन आटोपून तो आत्याच्या उशाशी बसला आणि जेवायला बोलावलं तरी उठला नाही. सगळ्यांचे हात वर गेले. बाबा म्हणाले, फार वय झालंय.

आत्याने त्यांना पलंगाजवळ बोलावलं.

"तू नको म्हणालास म्हणून मी थांबणार नाही रे," ती म्हणाली.

"इतके दिवस थांबलीस ना, ताई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाळक मिळाला की ती जायला मोकळी, असा हिशेब धरून हा माणूस एकेकाला परत पाठवत होता. आणि मी त्याला बोल लावत होतो.

"मला काय, कुणीही माती लोटेल," आत्या म्हणाली. "पाळक तुझ्यासाठी हवाय. मी गेल्यावर तुझ्याजवळ कोण बसणार?"

बाबांनी हात वर केला, आणि कुणाच्या नजरेत येतो न येतो तोच डोळ्यांवर नेला. पहिल्या ठरावानंतर आमच्या चर्चमध्ये झालेलं हे पहिलं एकमत. टाळी कुणीच वाजवली नाही.