माझे वळ

माझा जुळा भाऊ कॉर्डेल, त्याने पेट्रोल पंपावरची दोन माणसं जिवे मारली. त्यात वादच नाही. वाद एवढाच उरला होता, की त्याला सुई टोचून मारायचं की मरेपर्यंत तुरुंगात ठेवायचं. ते ओक्लाहोमातल्या आमच्या गावच्या कोर्टात बारा ज्यूरी ठरवणार होते.

आमच्या बाजूच्या डॉक्टरने त्याच्या मेंदूचे फोटो दाखवले. म्हणे, रक्तातच दोष. मग मी साक्षीला उभी राहिले आणि बाप घरात कसा पट्ट्याने फोडायचा ते सांगितलं.

सरकारी वकील हॅस्किन्स उठला. आवाज मधात घोळलेला.

“व्हर्नाबाई, काम काय करता?”

“शाळेची बस चालवते.”

“कधी कुणावर हात उगारलात?”

“आत्ता उगारावासा वाटतोय. पण नाही.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“रक्त तेच, घर तेच, बाप तोच. तुम्ही पोरं शाळेत पोचवता आणि हा मुडदे पाडतो! मग रक्ताला आणि घराला कशाला दोष द्यायचा? की तुमच्याही पाठीवर वळ आहेत?”

“एकही नाही.”

“बघा!” तो ज्यूरींकडे वळला.

माझं डोकंच फिरलं. मी भावाला वाचवायला आले, आणि हा मेला माझंच चांगलेपण त्याच्या मुळावर आणतोय!

“अहो, थांबा! घर तेच कसलं? बाप विचारायचा, कुणी केलं? कप माझ्या हातून फुटलेला असला तरी कॉर्डेलच म्हणायचा, मी. मग तो पट्ट्याचा मार खायला खाली तळघरात जायचा आणि मी वर बसून जेवायचे.”

“बाप तर मेलाय. पुरावा काय?”

“कॉर्डेल, शर्ट काढ.”

“नको ना गं, व्हर्ने.” नदीवरसुद्धा त्याने कधी शर्ट काढला नव्हता.

“आयुष्यभर गप्प बसलास तेवढं बास झालं. काढ म्हणते ना!”

हॅस्किन्सने हरकत घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “काढू दे.”

पुढच्याच बाकावर मेलेल्या दोघांपैकी एकाची आई होती. मी तिला म्हटलं, “बाई, त्याला सोडा असं मी म्हणत नाही. आत सडू दे त्याला. पण माझ्याकडे बोट दाखवून त्याला मारू नका.”

कॉर्डेलने शर्ट उतरवला आणि ज्यूरींकडे पाठ केली.

“साहेब, माझे वळ विचारत होतात ना?” मी म्हटलं. “ते बघा. तिथेच आहेत.”