मागचा पडदा

"मंच फिरवा," ती पोरगी म्हणाली, आणि मे होंगच्या हातातला चहाचा पेला हातातच राहिला.

फिरवा म्हणजे काय, तर आमच्या चिनी नाटकाचा मंच देवळाकडे तोंड करून असतो, तो उलटा करून मेट्रोच्या जिन्याकडे करा. जिन्यातून वर येणाऱ्या लोकांना आम्ही दिसू. आणि आकोंगने काय करायचं? आकोंग आमच्या बँकॉकमधल्या गल्लीचा देव. वर्षातून एकदा त्याच्यापुढे खेळ होतो, तो त्याने आमच्या पाठी बघत काढायचा? मी गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, "का गं फाय, आजोबांच्या वाढदिवसाला त्यांच्याकडे पाठ करून बसतेस का तू?"

"पी चंथी, तसं नव्हे हो," ती म्हणाली. पी म्हणजे ताई. पोरगी वाईट नाही, मान्य करते. याच गल्लीतली. जुन्या इंजिनांचा धंदा बसला तशी गल्लीही बसली होती. मग मेट्रोवाल्यांनी पत्रे ठोकून रस्ता खोदला तो वर्षानुवर्षं. उरलीसुरली गिऱ्हाइकंही तुटली. मेट्रो सुरू झाली तेव्हा फायने आपल्या चित्रकार मित्रमैत्रिणींना गोळा केलं, बंद दुकानांची शटरं रंगवून घेतली, आजोबांच्या गोदामात चित्रं लावली. आता शनिवार-रविवारी जिन्यातून माणसं नुसती ओतली जातात. कॉफी पितात, शटरांपुढे उभं राहून फोटो काढतात. आमच्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. फिरकतील कसे? जिन्यातून वर आलं की आमची पाठ दिसते. निळी ताडपत्री, प्लायवूड आणि दोरीवर वाळत घातलेले आमचे परकर.

गेल्या वर्षी आमच्यापुढे कोण होतं? तीन म्हाताऱ्या, एक कुत्रं आणि आकोंग. देवस्थानच्या कमिटीचा मुख्य हिया लेंग, तो तेव्हाच म्हणाला होता, "यंदाही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्या वर्षी आकोंगला सिनेमा दाखवू. पडदा लावला, दोन माणसं आली, काम झालं. देवाला सिनेमा आवडत नाही असं कुठे लिहिलंय?"

आता हिया लेंगला हे बोलायला काय जातंय! बाकीच्या देवळांनी आम्हाला कधीच सोडलं होतं, हे एकच उरलं होतं. हे गेलं की मे होंग पेटारे विकणार होती. मे होंग म्हणजे आमच्या मंडळीची मालकीण. पंचाहत्तरी गाठली तरी ढोलाचा एक ठोका चुकला तर चप्पल फेकते. तिने सरळ सांगितलं होतं, "पोरींनो, यंदा कौल मिळाला नाही तर आपापल्या घरी जा."

घरी! माझं घर म्हणजे मंचाखाली बांधलेली झोळी. मी इसानातली, म्हणजे थायलंडच्या ईशान्येची, रॉय एतकडची. लहान असताना मंडळीत आले ती इथलीच झाले. चिनी मला ओ की ठो कळत नाही. सगळी पदं थाई अक्षरांत लिहून घोकलेली. सेनापती होऊन काय गर्जना करते ते मला विचारू नका, आकोंगला विचारा. गावी एक थोरला भाऊ आहे, खाम. त्याने म्हशींच्या गोठ्याला लागून एक खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती. वहिनीने तेव्हापासून तोंड फुगवलेलं. त्या खोलीच्या विचाराने मला जेवण जात नव्हतं. भाऊ चांगला आहे हो, पण त्याने मला मंचावर एकदाही पाहिलेलं नाही. एकदा बँकॉकला आला होता, बस बदलता बदलता गल्ली काही सापडली नाही, तसाच परत गेला. त्या माणसाच्या दारात म्हातारपण काढायचं आणि सांगायचं काय, तर मी सेनापती होते?

तर मंच फिरवायचा की नाही, यावर हिया लेंग डोकं खाजवू लागला. मे होंग म्हणाली, "देवाला पाठ दाखवून मी आजवर पोट भरलेलं नाही. विचार त्यालाच."

हिया लेंगने कौल लावला. आमचे कौल म्हणजे लाकडाचे दोन तुकडे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक सपाट, एक फुगीर पडला तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर, तर नाही. दोन्ही सपाट पडले तर आकोंग हसला, म्हणजे विचारणाऱ्याचंच काहीतरी चुकतंय. हिया लेंगने टाकले, आकोंग हसला. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा तर एक कौल गडगडत जाऊन फायच्या चपलेला लागला आणि तरी सपाटच.

"हसतोय काय पण!" मी म्हटलं. "इथे आमचा जीव टांगणीला लागलाय."

मंच होता तसाच राहिला.

खेळाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मागे बसून चेहरा रंगवत होते. उकाडा असा की रंग लावावा तर घामाने ओघळ. त्यात पंखा बंद पडला. अर्धा चेहरा लाल, अंगात बनियन, मांडीवर चिकट भात आणि मिरचीची चटणी. पुढे खुर्च्या रिकाम्या असणार हे डोकावून न बघताही ठाऊक होतं. माझं टाळकंच सटकलं. उठले आणि मागची ताडपत्री दोरीसकट ओढून खाली पाडली. मरो, निदान वारा तरी येईल.

वारा आला नाही, माणसं दिसली. जिन्यातून नुकतीच वर आलेली ही गर्दी! सगळी माझ्याकडे बघतायत.

"काय बघताय?" मी ओरडले. "माणूस जेवताना बघितलं नाही कधी?"

कुणी हललं नाही. एका बाईच्या कडेवरची चिमुरडी म्हणाली, "आजी, तुला अर्धाच का राग आलाय?"

हसूच फुटलं मला. म्हटलं, "बाकीचा अर्धा आता येतो, थांब." आणि कुंचला उचलला. भुवई ओढली तशी ती माणसं पुढे सरकली. कपाळावर पांढरं काढलं, तशी रस्त्याच्या कडेला बसली. कुणी विचारलं, लाल का? म्हटलं, लाल म्हणजे दिलेला शब्द पाळणारा. कुणी विचारलं, हा मुकुट जड आहे का? म्हटलं, घालून बघ, मान मोडली तर मला सांगू नकोस. माझ्या उघड्या संसाराची मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

झांज वाजली. मी मंचावर गेले. आणि हा चेहरा जातो कुठे, हे बघायला ती अख्खी जत्रा मंचाला वळसा घालून देवळाच्या अंगणात आली. पटापट खुर्च्यांवर बसली. आणि बसली कुठे? पहिल्या रांगेत! उदबत्त्या लावलेल्या, आकोंगच्या न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी रिकाम्या ठेवलेल्या रांगेत!

ढोल थांबला. मे होंगचा हात चपलेकडे गेला. देवाच्या पाहुण्यांच्या मांडीवर बसलेले ते शहाणे खुशाल फोटो काढत होते. मला काय सुचलं देव जाणे, मी भाला आपटला आणि सेनापतीच्याच चालीत, पण साध्या थाईत, गर्जून गायले, "उठा उठा रे बावळटांनो, ती देवाघरची खुर्ची, मागे बसा नाहीतर येते खाली!"

आणि असा हशा उठला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी एक ओळ लोकांना कळली होती. सगळे उठून, हात जोडून मागे गेले. त्या चिमुरडीने तर रिकाम्या खुर्चीलाच नमस्कार केला. हिया लेंग खांबाला टेकून पोट धरून हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून ताडपत्री मुद्दामच वर बांधली. फायने मागे बाकडी आणून ठेवली. परकर तेवढे काढा म्हणाली, मी दोन काढले. लोक आधी मागे बसायचे, मग चेहऱ्यांबरोबर पुढे यायचे. शेवटच्या दिवशी तर खुर्च्या कमी पडल्या म्हणून नूडल्सच्या दुकानातले स्टूल आणावे लागले.

पण गर्दी झाली म्हणजे झालं असं नव्हे. पुढच्या वर्षाचं शेवटी आकोंगच ठरवणार. खेळ संपल्यावर हिया लेंग कौल घेऊन गुडघ्यांवर बसला. मी चिलखतासकट मागे उभी.

"आकोंग, पुढच्या वर्षी नाटक करू की सिनेमा?"

दोन्ही सपाट. हसला.

"अरे गाढवा," मे होंग खेकसली, "एका वेळी दोन प्रश्न विचारतोस आणि हो-नाही मागतोस? हसणार नाही तर काय करेल? नीट विचार."

"सिनेमा हवा का?"

दोन्ही फुगीर. नाही. कुणीतरी मागे टाळी वाजवली. मे होंगने वळून पाहिलं, तशी थांबली.

"मग... नाटक?"

एक कौल सपाट पडला. दुसरा फरशीवर गरगर फिरत राहिला, फिरत राहिला. मी डोळे मिटून घेतले. गोठ्याचा वास नाकात आला माझ्या, खोटं नाही सांगत. मग मे होंगचा हात माझ्या दंडावर पडला. डोळे उघडले. फुगीर.

मी तिथेच फरशीवर बसले आणि भोकाड पसरलं. सेनापती असा रडतो का कधी? पण मी रडले. फायही रडली, हिया लेंगने नाक पुसलं आणि उदबत्तीच्या धुरावर ढकललं.

तोंड धुवायच्या आधीच भावाला फोन लावला. म्हटलं, "खाम, ती खोली दुसऱ्या कुणाला दे. मी येत नाही."

मागून वहिनीचा आवाज आला, "अगं बाई, बरं झालं!" इतक्या मनापासून की मला तिचा जरासुद्धा राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं.

भाऊ म्हणाला, "पुढच्या वर्षी मी येऊ का बघायला? पण मला ती गल्ली सापडत नाही गं."

"आता सापडते," मी म्हटलं. "बसस्थानकावरून रिक्षा कर, मग एकच मेट्रो, बदलायची नाही. जिना चढून वर ये. देऊळ शोधू नकोस, मंच शोधू नकोस. दोरीवर परकर दिसतील, त्यांच्याखाली मी बसलेली असेन. अर्धा चेहरा लाल. तू आलास की बाकीचा रंगवीन."